इम्प्लांट बसवायचा आहे? दात काढण्याआधीपासून टोपी बसेपर्यंतचा आणि त्यानंतरचा क्रम

तालुक्याच्या दवाखान्यात इम्प्लांटची चौकशी करायला येणारा माणूस बहुतेक वेळा दोनच गोष्टी विचारतो. पैसे किती लागतील आणि किती दिवसांत होऊन जाईल. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण इम्प्लांट निकामी होतात त्याची कारणं वेगळीच असतात. खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुन्याचं मिश्रण) सुटलेला नसतो, साखर मोजलेली नसते, बाजूच्या दातांची कीड तशीच असते, किंवा जखम भरली असं वाटून माणूस तिसऱ्या आठवड्यात फुटाणे खायला लागतो. स्क्रू बसवण्याचं काम तासाभराचं असतं. खरं काम त्याच्या आधीच्या आठवड्यांत आणि नंतरच्या महिन्यांत असतं, आणि ते निम्म्याहून अधिक तुमच्या हातात असतं.

आधी एक नीट समजून घ्या. इम्प्लांट म्हणजे पूर्ण दात नव्हे. तो जबड्याच्या हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू असतो, साधारण ८ ते १२ मिलिमीटर लांब आणि ४ मिलिमीटरच्या आसपास जाड. हाड त्याला धरून घट्ट झालं की वर एक जोडतुकडा बसतो आणि त्यावर दाताच्या आकाराची टोपी. हे तीन भाग एकाच दिवशी बसतीलच असं नाही, बहुतेकांचे बसत नाहीत.

## टप्पा १ : दात काढण्याआधी विचारा

ही चूक सगळ्यात महागात पडते. दात दुखतो, माणूस काढून टाकतो आणि चार-पाच वर्षांनी इम्प्लांटचं बघू म्हणतो. दात निघाला की त्या जागचं हाड झिजायला लागतं. पहिल्या वर्षात त्याची रुंदी जवळपास निम्मी होऊ शकते. शेजारचे दात मोकळ्या जागेकडे कलतात, समोरच्या जबड्यातला दात लांबत जातो. मग हाड भरावं लागतं, कलते दात सरळ करावे लागतात, खर्च वाढतो, महिने वाढतात.

म्हणून दात काढायचं ठरलं की त्याच बैठकीत विचारा: "पुढे इथे इम्प्लांट बसवायचा असेल, तर आता काय करावं लागेल?" कधी डॉक्टर खड्ड्यात हाडाची पूड भरून ठेवतात, कधी सहा-आठ आठवड्यांनी बोलावतात, कधी तीन-चार महिन्यांनी. मुळाला पू नसेल आणि हाड शाबूत असेल तर काही जणांना दात काढल्याबरोबरच स्क्रू बसवता येतो. हा निर्णय डॉक्टरांचा, पण प्रश्न तुम्ही विचारायचा.

इशारा : आठवडी बाजारात चिकटवून दात बसवून देणाऱ्यांकडे जाऊ नका. ते शेजारच्या दातांना तार आणि प्लास्टिक चिकटवतात. त्याखाली अन्न सडतं, हिरडी कुजते आणि एका दातासाठी शेजारचे दोन जातात. डॉक्टरांचं बीडीएस किंवा एमडीएसचं प्रमाणपत्र आणि महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावलेला असतो, तो पाहून घ्या.

## टप्पा २ : तोंड तयार करा

आपल्याकडे इथेच गाडी अडते, म्हणून यावर जरा जास्त लिहितो.

तीन बोटांची तपासणी. आरशासमोर तोंड पूर्ण उघडा. स्वतःची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकावर एक धरून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या मधे घालून पाहा. तिन्ही बोटं सहज गेली तर ठीक. दोनच जात असतील, तिखट लागलं की तोंड जळत असेल, गालाची आतली कातडी पांढरट आणि ताठ लागत असेल, तर ती सुपारीमुळे होणाऱ्या आजाराची खूण असू शकते. खर्ऱ्यात सुपारी असतेच. अशा तोंडात मागच्या दाढेपर्यंत अवजारही पोचत नाही, आणि हा आजार पुढे कर्करोगाकडे जाऊ शकतो. आधी त्याचा उपचार, इम्प्लांट नंतर.

दोन आठवड्यांत न भरलेला फोड, पांढरा किंवा लाल चट्टा, गालात लागणारी गाठ, यांपैकी काहीही दिसलं तर इम्प्लांटचा विषय बाजूला ठेवून त्याच आठवड्यात तपासून घ्या.

खर्रा, तंबाखू, मशेरी, गुडाखू. शस्त्रक्रियेच्या निदान दोन आठवडे आधी बंद आणि नंतर निदान दोन महिने बंद. सुटला तर कायमचाच सुटू द्या. "डॉक्टर, मी तर दुसऱ्या गालात ठेवतो" असं खूप जण सांगतात. त्याने काही फरक पडत नाही. निकोटीन रक्तात जातं, हिरडीच्या आणि हाडाच्या बारीक रक्तवाहिन्या आवळतं, आणि ज्या हाडाने स्क्रूला धरायचं त्यालाच रक्त कमी पडतं. चुना हिरडी भाजतो ते वेगळंच. विडी-सिगारेटलाही हाच नियम.

एकट्याने सुटत नसेल तर १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे, त्यावर सल्ला मिळतो. सुटत नसेल तर डॉक्टरांना खरं सांगा. खर्रा चालू ठेवून, लपवून इम्प्लांट बसवण्यापेक्षा काढती-घालती कवळी केव्हाही बरी, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकीचे दात. किडलेले दात भरून घ्या, हिरड्यांतून रक्त येत असेल तर दात साफ करून घ्या. पू असलेल्या हिरड्यांच्या शेजारी नवा स्क्रू बसवला की तेच जंतू त्यालाही धरतात.

तपासणी : दोन आठवडे तंबाखू बंद, ब्रश करताना रक्त येत नाही, तीन बोटं जातात. या तीन गोष्टी झाल्या तरच पुढे जा.

## टप्पा ३ : डॉक्टरांना काय काय सांगायचं

दाताच्या डॉक्टरला अंगाच्या आजारांशी काय देणंघेणं, असं समजून बरेच जण गप्प राहतात. त्यांनी विचारलं नाही तरी तुम्ही सांगायच्या गोष्टी अशा:

शुगर. रिकाम्या पोटीची एकच साखर पुरत नाही. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी करून घ्या. ती ७ च्या आसपास असेल तर चांगलं, ८ च्या वर असेल तर बहुतेक सर्जन थांबायला सांगतात. थांबा. साखर आटोक्यात असलेल्या माणसाचा इम्प्लांट व्यवस्थित टिकतो.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. हृदयाच्या त्रासानंतर किंवा स्टेंट बसवल्यावर दिलेल्या या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. दाताच्या कामासाठी म्हणून परस्पर बंद केलेली गोळी जीवावर बेतू शकते. दाताचे डॉक्टर आणि हृदयाचे डॉक्टर बोलून ठरवतील.

हाडं ठिसूळ झाल्यावरची औषधं. आठवड्याला एक गोळी, सहा महिन्यांचं किंवा वर्षाचं एक इंजेक्शन अशी ती असतात. साठीच्या पुढच्या बायांना बरेचदा दिलेली असतात आणि त्यांच्या लक्षातही नसतात. या औषधांवर जबड्याची जखम न भरण्याचा धोका असतो. घरातल्या सगळ्या जुन्या चिठ्ठ्या पिशवीत घालून घेऊन जा.

सिकलसेल. आईवडिलांकडून येणारा हा रक्ताचा आजार पूर्व विदर्भात अनेक घरांत आहे. सिकलसेलचं कार्ड असेल तर दाखवा. नुसता वाहक असलेला आणि प्रत्यक्ष आजार असलेला, दोघांची तयारी वेगळी असते.

तोंडाला किंवा मानेला कधी रेडिएशन दिलं असेल, तर ते सगळ्यात आधी सांगा. वय अठराच्या आत असेल तर जबडा अजून वाढतोय, थांबावं लागेल. म्हातारपण मात्र अडचण नाही. सत्तरीतल्या धडधाकट माणसालाही इम्प्लांट बसतो.

## टप्पा ४ : हाडाचं माप

साध्या एक्स-रेवरून अंदाज येतो, रुंदी कळत नाही. त्यासाठी सीबीसीटी नावाचा त्रिमितीय स्कॅन असतो. जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा नागपुरात तो होतो, काही मिनिटांचं काम आहे.

स्कॅनच्या पडद्यावर डॉक्टर जबड्याचा उभा काप दाखवतात. खालच्या जबड्यात हाडाच्या आत एक गोल, काळसर ठिपका दिसतो. ती ओठाला संवेदना देणाऱ्या नसेची नळी. स्क्रूचं टोक आणि ती नळी यांत निदान २ मिलिमीटर अंतर लागतं. वरच्या दाढांच्या वर सायनस, म्हणजे नाकाशी जोडलेली हवेची पोकळी असते, तिथलं हाड अनेकदा पातळ निघतं. शेजारच्या दोन दातांमध्ये सुमारे ७ मिलिमीटर जागा आणि हाडाची सुमारे ६ मिलिमीटर रुंदी असेल तर नेहमीच्या मापाचा स्क्रू बसतो. कमी असेल तर बारीक स्क्रू किंवा आधी हाड भरणं. हे आकडे पाठ करायची गरज नाही. फक्त एवढं म्हणा: "डॉक्टर, नस कुठे आहे आणि किती अंतर राहील, ते मला दाखवता का?"

स्कॅनची सीडी किंवा फाइल आपल्याजवळ ठेवा. दुसरा सल्ला घ्यायचा झाला तर पुन्हा पैसे जात नाहीत.

## टप्पा ५ : पैसे आणि पंचांग

खासगी दवाखान्यात टोपीसकट एका इम्प्लांटचा खर्च साधारण २० ते ५० हजारांच्या घरात जातो. हाड भरायचं असेल तर वाढतो. जाहिरातीतला स्वस्त आकडा बहुतेक वेळा नुसत्या स्क्रूचा असतो. म्हणून लेखी घ्या: स्क्रू, जोडतुकडा, टोपी, हाडाची पूड, स्कॅन, प्रत्येकाचे वेगळे पैसे, आणि स्क्रू धरला नाही तर पुन्हा बसवायचे किती. नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय आणि रुग्णालय, वर्ध्याजवळ सावंगी मेघे इथलं दंत महाविद्यालय, अशा ठिकाणीही चौकशी करा. शिकवणाऱ्या रुग्णालयात फेऱ्या जास्त होतात, पण सगळ्या शाखांचे डॉक्टर एका छताखाली भेटतात. आरोग्य विमा साधारणपणे इम्प्लांटचा खर्च देत नाही, अपघात असेल तर विचारून पाहा.

"एका दिवसात पक्के दात" अशा पाट्या दिसतात. काही निवडक रुग्णांत लगेच तात्पुरता दात लावता येतो, हे खरं. पण स्कॅन न करता, शिबिरात, आल्याबरोबर तसं सांगितलं तर उठून या.

आता वेळ. ऐन सोयाबीन सोंगणीत किंवा धानाच्या रोवणीत शस्त्रक्रिया ठेवू नका. तीन-चार दिवस ओझं उचलायचं नसतं, वाकून काम करायचं नसतं, आणि फेऱ्या चुकवायच्या नसतात. कापसाची उलंगवाडी झाली की फेब्रुवारीत स्क्रू बसवला, तर खालच्या जबड्याची टोपी मृगाच्या पेरणीआधी बसू शकते. वरच्या जबड्याला जास्त वेळ लागतो, तो हिशेब वेगळा करा.

खालच्या जबड्यात एकही दात न उरलेल्या आजी-आजोबांसाठी एक सांगतो. सगळे दात इम्प्लांटवर बसवायची गरज नसते. पुढच्या भागात दोन इम्प्लांट आणि त्यांवर खटकन अडकणारी, रोज काढून धुता येणारी कवळी. हलणाऱ्या कवळीने भाकर चावता येत नाही म्हणणाऱ्यांना याने फार मोठा आराम मिळतो, आणि खर्चही आवाक्यात राहतो.

## टप्पा ६ : शस्त्रक्रियेचा दिवस

ऑपरेशन म्हणून उपाशी येऊ नका. काम जागेवर भूल देऊन होतं. वरण-भात, पोळी-भाजी असं पोटभर जेवून या. शुगरवाल्यांनी तर नक्कीच. बीपीची आणि शुगरची गोळी सांगितल्याप्रमाणे घ्या.

सकाळची वेळ मागा. काम झाल्यावर दीड-दोन तास दवाखान्याजवळच थांबा, रक्त थांबल्याची खात्री झाली की मगच एसटी धरा. सोबत कोणीतरी हवं.

भूल लागल्यावर दुखत नाही, फक्त थरथर आणि दाब जाणवतो. निघण्याआधी एक वस्तू न विसरता मागून घ्या: स्क्रूच्या डबीवरचं स्टिकर. त्यावर कंपनी, माप आणि लॉट क्रमांक असतो. ते तुमच्या फाइलमध्ये चिकटवा. दहा वर्षांनी दुसऱ्या गावी टोपी ढिली झाली, तर त्या चिटकुऱ्यावरून डॉक्टरला नेमकं अवजार मागवता येतं. ते नसेल तर सगळा अंदाज.

## टप्पा ७ : पहिले दहा दिवस

दातांत धरलेला कापूस पाऊण तास तसाच ठेवा. पहिले २४ तास चूळ भरायची नाही, पिचकारी मारायची नाही, नळीने काही ओढून प्यायचं नाही. रक्ताची गुठळी सुटली की जखम उघडी पडते.

पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ: किराणा दुकानातून बर्फ आणून पन्नीत घाला, दुपट्ट्यात गुंडाळा, वीस मिनिटं लावा, वीस मिनिटं काढा. गरम विटेने किंवा कापडाने शेकू नका, त्याने सूज वाढते. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दिसते, मग उतरते. घाबरू नका.

जखमेत लवंगेचं तेल, हळद, तुरटी, राख काहीही दाबू नका.

खायला थंड किंवा कोमट: आंबील, मऊ खिचडी, ताक-भात, पातळ पिठलं, कण्या. सावजी रस्सा आणि ठेचा टाके निघेपर्यंत नाही. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलकी चूळ, आणि डॉक्टरांनी दिलेलं औषधी पाणी दिवसातून दोनदा. बाकीचे दात रोज ब्रशने घासा, टाक्यांवर ब्रश लावू नका. गोळ्यांचा कोर्स दुखणं थांबलं म्हणून अर्ध्यावर सोडू नका. वरच्या दाढेचं काम असेल तर नाक जोरात शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून द्या.

टाके साधारण सात ते दहा दिवसांत निघतात.

त्याच दिवशी फोन करा : भूल उतरायची वेळ टळून गेली तरी ओठ-हनुवटी बधिर आहे; दाबूनही रक्त थांबत नाही; ताप; चौथ्या दिवसानंतर सूज वाढतेय; पू. बधिरपणात "उद्या बघू" चालत नाही. स्क्रू नसेवर दाबत असेल तर तो लवकर काढला तरच नस सावरण्याची आशा जास्त असते.

## टप्पा ८ : थांबायचे महिने

खालच्या जबड्याला साधारण तीन ते चार महिने, वरच्याला चार ते सहा. हाड भरलेलं असेल तर त्याहून जास्त.

या काळात आत काय चालतं ते कळलं, तर थांबणं सोपं जातं. बसवल्या दिवशी स्क्रू घट्ट असतो, कारण तो जुन्या हाडात आवळून बसवलेला असतो. पुढच्या आठवड्यांत शरीर ते दबलेलं जुनं हाड काढून नवं भरायला लागतं. जुनं गेलेलं आणि नवं अजून कच्चं, अशी स्थिती तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास येते. म्हणजे पहिल्या दिवसापेक्षा त्या वेळी पकड कमी असते. नुकता रोवलेला खांब माती बसायच्या आत हलवला की कायमचा डुगडुगतो, तसंच इथे होतं. आणि नेमकं याच वेळी दुखणं पूर्ण थांबलेलं असतं, टाके निघालेले असतात, आणि माणसाला वाटतं झालं सगळं.

तेव्हा त्या बाजूने हुरडा, फुटाणे, शेंगा, भाजलेलं कणीस, ऊस, हाड असलेलं मटण नाही. हिरडीतून स्क्रूवरचं धातूचं छोटं झाकण दिसत असेल तर जिभेने, बोटाने चाळवू नका. तात्पुरती कवळी वापरत असाल आणि ती त्या जागी टेकत असेल, तर आतून घासून मोकळी करून घ्या. ही बारीक गोष्ट राहून जाते आणि रोजच्या दाबाने स्क्रू सैल होतो.

दुखत नाही म्हणून मधल्या तपासण्या चुकवू नका. हाड न धरलेला स्क्रूही बरेचदा दुखत नाही.

## टप्पा ९ : टोपी आणि चावा

माप घेतल्यावर प्रयोगशाळेतून टोपी यायला काही दिवस लागतात. पुढचा दात असेल तर रंगाकडे लक्ष द्या. चंद्रपूर, यवतमाळकडच्या काही गावांत पाण्यातल्या फ्लोराइडमुळे दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे असतात. तिथे पांढराशुभ्र दात वेगळाच उठून दिसतो. उजेडात, शेजारच्या दाताशी लावून रंग ठरवा.

टोपी सिमेंटने चिकटवतात किंवा वेगळ्या बारीक स्क्रूने आवळतात. दवाखाना लांब असेल आणि जागा परवानगी देत असेल, तर स्क्रूवाली बरी. बिघडली तर न फोडता उघडता येते. सिमेंटवाली असेल तर बसवल्यावर एक एक्स-रे काढायला सांगा. हिरडीखाली राहिलेला सिमेंटचा कण पुढे हाड खातो.

चावा तपासायला रंगीत कागद चावायला देतात. नैसर्गिक दाताच्या मुळाभोवती दाब कळवणारे तंतू असतात, इम्प्लांटला ते नसतात. त्यामुळे जास्त दाब पडला तरी लवकर कळत नाही. "हाच दात आधी लागून राहिला" असं जरा जरी वाटलं, तरी खुर्चीतून उठण्याआधी सांगा.

## टप्पा १० : रोजचं

इम्प्लांट किडत नाही, पण त्याच्याभोवतीची हिरडी सुजते, पू होतो आणि हाड झिजतं. राखेने, मशेरीने किंवा नुसत्या दातूनने टोपीच्या कडेखालची घाण निघत नाही. मऊ ब्रश दोनदा, आणि दातांच्या फटीत जाणारा छोटा गोल ब्रश रोज रात्री एकदा. गावच्या मेडिकलमध्ये तो मिळत नसेल तर तालुक्याला गेलात की दोन-तीन पाकिटं घेऊन ठेवा. तपासणी दर सहा महिन्यांनी, वर्षातून एकदा एक्स-रे. नीट निवडलेल्या आणि नीट सांभाळलेल्या रुग्णांत दहा वर्षांनंतरही शंभरातले नव्वदाहून अधिक इम्प्लांट कामात असतात.

हिरडीतून रक्त, वास, किंवा दात हलल्यासारखा वाटला तर त्याच आठवड्यात जा. बरेचदा नुसती टोपी किंवा आतला बारीक स्क्रू ढिला झालेला असतो आणि काही मिनिटांत आवळून मिळतो. तसाच चावत राहिलात तर तो बारीक स्क्रू आत तुटतो आणि काढायला फार कठीण जातं. टोपी निघून हातात आली तर धुऊन डबीत ठेवा, घरच्या गोंदाने किंवा झटपट चिकटणाऱ्या द्रावाने बसवू नका, त्या बाजूने जेवू नका, आणि डबी, फाइल, स्टिकर तिन्ही घेऊन दवाखान्यात जा.